हात लागलेला वजीर

बुद्धिबळाचा नाद वाईट. दारूचा नाद माणसाला निदान रात्री झोपू तरी देतो. बोग्दानला बुद्धिबळाचा नाद होता आणि तो चाचाक गावात दातांच्या कवळ्या बनवायचा. दुसऱ्यांच्या तोंडात दात बसवणाऱ्या या माणसाची स्वतःची जीभ काही कधी जागेवर बसली नाही, असं त्याची बायको दुशान्का चारचौघांत सांगायची. तोही हसायचा.

त्या मुलखात खेळाडूंच्या श्रेण्या असतात. चौथीतून तिसरीत, तिसरीतून दुसरीत अशी चढती भाजणी. बोग्दान दुसऱ्या श्रेणीपर्यंत भराभर चढला आणि मग जो अडकला तो वीस वर्षं अडकला. ज्या भाच्याला त्यानं घोडा कसा चालतो ते मांडीवर बसवून शिकवलं, तो पहिल्या श्रेणीत जाऊन बसला आणि आता मामाला खेळी कशी चुकली ते समजावून सांगायला लागला. तरी बोग्दान दर शरदात रजा टाकायचा, दुशान्काला समुद्रावर नेण्याचं पुढच्या वर्षावर ढकलायचा आणि बान्या या औषधी झऱ्यांच्या गावी भरणाऱ्या स्पर्धेला जायचा. त्याला पहिली श्रेणी हवी होती. एवढंच हवं होतं आणि फार हवं होतं.

स्पर्धा ब्रेझा हॉटेलात. तिथं जेवणाची एक रीत आहे. पहिल्या संध्याकाळी मुख्य वाढपी ज्याला जिथं बसवील तीच त्याची जागा, थेट बक्षीस समारंभापर्यंत. या देशात लग्नं मोडतात, सरकारं पडतात, पण ब्रेझामधली जेवणाची जागा बदलत नाही. बोग्दानच्या टेबलावर आणखी तिघं आली. सुबोतित्साहून आलेली नेवेन्का, औषधांच्या दुकानातून निवृत्त झालेली, जिभेला धार असलेली बाई. वाल्येवोचा स्रेतेन, बसचा ड्रायव्हर, दोन खुर्च्यांचा ऐवज. आणि झायेचारचे वेलिमिरकाका, भूगोलाचे म्हातारे मास्तर.

काकांचा उजवा हात थरथरायचा. आजारच तसा होता. पहिल्या संध्याकाळी टेबलाच्या मधोमध सुपाचं मोठं भांडं आलं तेव्हा बोग्दाननं न विचारता पळी उचलली, काकांच्या ताटलीत सूप वाढलं आणि बोलणं दुसरीकडेच चालू ठेवलं. काकांनी ते ओळखलं. दुसऱ्या दिवसापासून तो रिवाजच झाला. काका त्याला बाळ म्हणायला लागले. पन्नाशी ओलांडलेल्या माणसाला कुणी बाळ म्हटलं की कसं वाटतं, ते ज्याचे आईबाप गेलेत त्याला विचारावं.

दिवसाची घडी ठरलेली असे. सकाळी कोमट, गंजाच्या चवीचं पाणी प्यायला झऱ्यावर जायचं, मग बागेत फिरत आज कुणाशी गाठ पडणार याची काळजी करायची. दुपारी जेवणावर आडवा हात मारायचा आणि चार वाजता त्याचा पश्चात्ताप करत पटावर बसायचं. डाव संपला की दोघांनी शेजारच्या खोलीत तोच डाव पुन्हा मांडून कुणाचं कुठं चुकलं ते बघायचं. हरलेलाही येतो. न येणं वाईट दिसतं.

तिसऱ्या दिवशी बोग्दानची गाठ वेलिमिरकाकांशी पडली. म्हाताऱ्याला हरवायला जिवावर येईल, असं तो नेवेन्काला जेवताना म्हणाला होता. जिवावर यायची वेळच आली नाही. काकांनी त्याला असा काही आवळत आणला की दोन तासांत त्याला घाम फुटला. मग त्याच्या हातून घोडचूक झाली. काकांचा उंट त्याचा हत्ती फुकट मारत होता आणि हत्ती गेला की डावात काही उरत नव्हतं. काकांनी ते पाहिलं. त्यांची नजर उंटावर गेली, ओठांच्या कोपऱ्यात हसू आलं आणि हात निघाला.

वजीर उंटाला लागूनच उभा होता. हात थरथरला, बोटं वजिरावर मिटली, वजीर पटावरून केसभर उचलला गेला आणि परत खाली बसला. काकांनी हात मागं घेतला, श्वास घेतला आणि पुन्हा उंटाकडे नेला.

"हात लागला," बोग्दान म्हणाला.

हात लागला ती सोंगटी खेळायची, हा नियम तिथली पोरं पाढ्यांच्या आधी शिकतात. आणि वजीर जागेवरून हलला की काकांच्या राजाला मात होती. पण चुकून लागलेला धक्का नियमात धरत नाहीत, हेही पोरांना माहीत असतं. शब्द कसा निघून गेला ते बोग्दानचं त्यालाच कळलं नाही. इथपर्यंत त्याला माफ करता येईल. पण पंच जवळूनच चालले होते. ते थांबले आणि त्यांनी विचारलं, तक्रार आहे का? तेव्हा विचार करायला वेळ होता. नाही, काही नाही, एवढं म्हणायचं होतं. बोग्दानच्या डोळ्यांपुढं पहिली श्रेणी उभी राहिली.

"आहे," तो म्हणाला.

पंच काकांकडे वळले. भला माणूस होता. त्यांनी काकांच्या हाताकडे पाहिलं आणि उत्तर जवळजवळ तोंडातच घातलं. "काका, चुकून धक्का लागला ना?"

काकांनी नुसतं हो म्हटलं असतं तर प्रकरण मिटलं असतं. ते खरंही होतं. पण हाताच्या आजाराची ढाल पुढं करणं त्या माणसाला जमणारं नव्हतं. "हात माझाच आहे," ते म्हणाले. "वजिराला लागला."

त्यांनी वजीर हलवला. बोग्दाननं मात दिली. शेजारच्या पटावर स्रेतेन बसला होता, त्यानं सगळं पाहिलं होतं. काकांनी हात पुढं केला, बोग्दाननं तो हातात घेतला आणि तो थरथरणारा हात सोडेपर्यंत त्याला आपल्या अंगाची लाज वाटली. डाव पुन्हा मांडायला शेजारच्या खोलीत मात्र तो गेला नाही. डोकं दुखतंय म्हणाला. काका तिथं एकटेच थोडा वेळ बसून होते, असं त्याला नंतर कळलं.

खोलीवर जाऊन त्यानं दुशान्काला फोन केला. जिंकलो म्हणाला. डाव चांगला झाला का, असं तिनं विचारलं. झाला, तो म्हणाला. ती इतकी खूश झाली की शेजारणीला सांगायला फोन ठेवून पळाली.

त्या रात्रीच्या जेवणाला सूप आलं. बोग्दानचा हात सवयीनं पळीकडे गेला, पण त्याआधीच नेवेन्कानं ती उचलली होती. "राहू द्या साहेब," ती म्हणाली. "तुमच्या हातांना जपा. फार अचूक हात तुमचे." काका मीठ शोधत असल्यासारखे इकडे तिकडे बघत राहिले.

दुसऱ्या दिवशी नाश्त्याला त्यानं टोपलीतल्या एका पावाला हात लावला आणि तो करपलेला दिसला म्हणून दुसरा घेतला.

"हात लागला," स्रेतेन मोठ्यानं म्हणाला. "तोच खावा लागेल."

आजूबाजूची टेबलं हसली. म्हणजे बातमी सगळीकडे पोचली होती. बोग्दाननं करपलेला पाव उचलला आणि शेवटच्या तुकड्यापर्यंत खाल्ला.

त्यानंतर जे सुरू झालं ते आठवलं की सांगणाऱ्यालाही हसू येतं आणि मग हसल्याचं वाईट वाटतं. सोंगटी चौकोनात नीट ठेवायची असेल तर आधी 'नीट करतोय' म्हणायचं, म्हणजे हात लागल्याचा दोष येत नाही, अशी पद्धत आहे. एरवी एका डावात एखादा माणूस एखाद्या वेळी म्हणतो. बोग्दानच्या समोर बसणारा प्रत्येक जण आता प्रत्येक खेळीला म्हणायला लागला. प्यादं हलवायचं, तरी 'नीट करतोय'. पेन सरळ करायचं, तरी 'नीट करतोय'. एका मिशाळ डॉक्टरनं तर बोग्दानशी हस्तांदोलन करण्यापूर्वीही ते म्हटलं. कुणी शिवी दिली नाही, कुणी भांडलं नाही. पंचांकडे काय तक्रार करणार? नियमाच्या माणसाला ते नियमानंच मारत होते.

आणि बोग्दान जिंकत होता. हीच तर गंमत. खाली मान घालून, कुणाकडे न बघता तो खेळायचा आणि आयुष्यात खेळला नव्हता इतकं चांगलं खेळायचा. वर बघायची सोयच राहिली नव्हती, मग पटाखेरीज बघणार कुठं?

एका सकाळी झऱ्यावर त्याला काका एकटे सापडले. दोन्ही हातांत पेला धरून पाणी पीत होते. बोग्दान रात्रभर वाक्यं जुळवत पडला होता. त्यातलं एकही वेळेला आलं नाही. काका, त्या दिवशी, एवढंच म्हणून तो थांबला. काकांनी तोंड पुसलं आणि नियम तो नियम, तू काही वावगं केलं नाहीस, असं सांगून टाकलं. मग हे पाणी कुठल्या डोंगरातून येतं आणि पुढं कुठल्या नदीला मिळतं, ते समजावत राहिले. त्यांनी चार शिव्या हासडल्या असत्या, तर बोग्दान त्यांच्या पायाशी बसला असता. माफी मागायला गेलेल्या माणसाला भूगोल ऐकून परत यावं लागलं.

शेवटच्या दिवशी बोग्दानला पहिल्या श्रेणीसाठी अर्धाच गुण हवा होता. समोर क्राल्येवोचा एक तरुण हिशेबनीस होता. त्यानं 'नीट करतोय, नीट करतोय' म्हणत चार खेळ्या केल्या, घड्याळाकडे पाहिलं आणि बरोबरी करायची का म्हणून विचारलं. त्याची बस होती. वीस वर्षं ज्या क्षणाची वाट पाहिली तो असा बसच्या वेळापत्रकातून आला. बोग्दाननं मान डोलावली. सगळे गुण मिळून काठोकाठ भरले. त्यातला काकांचा गुण काढला, तर तो पुन्हा दुसऱ्या श्रेणीत जाऊन पडत होता, आणि हे त्याला कुणी सांगायची गरज नव्हती.

बक्षीस समारंभात त्याचं नाव पुकारलं. टाळ्या पडल्या तेवढ्या पडल्या. काकांच्या टाळीचा आवाज येत नव्हता, त्यांचे तळवे एकमेकांना नीट भेटत नव्हते, पण ते वाजवत होते.

तिथं ज्याचं भलं होतं त्यानं इतरांना पाजायचं असतं. न पाजणारा कंजूष आणि पाजलेलं न पिणारा वैरी. बोग्दाननं आपल्या टेबलावर राकिया, म्हणजे तिथली आलूबुखारची कडक दारू, मागवली. चार पेले आले. त्यानं आपला उचलला. नेवेन्कानं हात मांडीवर ठेवले होते. स्रेतेन खिडकीबाहेर उभ्या असलेल्या गाड्या बघत होता. शेजारच्या टेबलांवरचं बोलणं हळूहळू थांबलं. बोग्दानचा पेला हवेत तसाच राहिला आणि त्याला वाटलं, आता हा खाली ठेवला तर पुन्हा या गावात पाऊल टाकता येणार नाही.

काकांनी दोन्ही हातांनी पेला उचलला. थोडी राकिया टेबलक्लॉथवर सांडली.

"एक सांगायचं राहिलं," ते म्हणाले. आवाज वर्गात बोलायचा, मागच्या बाकापर्यंत जाईल असा. "त्या दिवशी मला वजीरच खेळायचा होता. उंटाची खेळी मला दिसलीच नव्हती. मीच ढ. उगीच पोराला बोल लावताय."

ज्यांनी तो डाव पाहिला होता आणि ज्यांनी नुसता ऐकला होता, त्या सगळ्यांना हे खोटं आहे हे ठाऊक होतं. स्वतःचा डाव वाचवायला काकांना एक 'हो' पुरला असता आणि तो त्यांनी म्हटला नव्हता. आता भरल्या सभेत ते धडधडीत खोटं बोलत होते आणि त्यांच्या कानाच्या पाळ्या लाल झाल्या होत्या. सवय नव्हती त्यांना. ते बोग्दानकडे बघत होते आणि थांबले होते. नेवेन्काही बघत होती. स्रेतेननं खिडकीवरची नजर काढली. नाही काका, तुम्ही उंटच खेळणार होता, मी पाहिलं होतं, एवढंच म्हणायचं होतं. वाक्य तयार होतं. रात्रभर जुळवायचीही गरज नव्हती.

"मलाही तेव्हा तसंच वाटलं होतं, काका," बोग्दान म्हणाला.

शब्द बाहेर पडला आणि तो कसा पडला हे या वेळी त्याला नीट कळलं. सुटका झाल्यासारखं वाटलं होतं, म्हणून. स्रेतेननं पेला उचलला, नेवेन्कानं उचलला, काकांचा मान राखायला दोघांनी एका घोटात रिकामे केले आणि बोग्दाननंही घाईघाईनं आपला संपवला. घसा जळाला. त्यानं वर पाहिलं. काका अजून त्याच्याकडेच बघत होते. रागानं नाही. वर्गातला एखादा पोरगा उत्तर देईल असं वाटावं, त्याला फळ्यापाशी बोलवावं आणि त्यानं देऊ नये, तसे.

मग त्यांनी आपला पेला, ओठांना न लावता, दोन्ही हातांनी सावकाश खाली ठेवला.