निम्मंच सांगितलं

आत्याबाई, माझ्या सासूबाई, जेवून आडव्या झाल्या, की घटकाभर मी माझी असते. तेवढ्यात लिहून घेते.

रुखी माझी लेक, नऊ वर्षांची. चैत्रात ती तांब्यावर तांबे पाणी पिऊ लागली, आणि दोन-दोन भाकरी खाऊनही वाळत चालली. ती लघवीला बसून उठली, की मोरीपाशी मुंग्या लागायच्या. आत्याबाई म्हणाल्या, ऊन लागलं असंल. गाडीतून मलकापूरला नेईपर्यंत तिची शुद्ध गेली होती. तिथल्या डॉक्टरांनी तिला आठ दिवस ठेवून घेतलं आणि मला समोर बसवून समजावलं. आपल्या अंगात एक रस आपोआप तयार होतो, तो हिच्यात आटला आहे. आता रोज दोन वेळा सुईनं द्यायचा. किती दिवस, मी विचारलं. त्यांनी चष्मा काढून धोतराला पुसला. ती आहे तोवर, म्हणाले.

हे तेव्हा बाहेर गाडीपाशी उभे होते. यांना सुई बघवत नाही. अजूनही सकाळी मी पिचकारी उकळायला ठेवली, की हे बैल सोडतात. राग नाही येत मला. पण चैत्रापासून बैलांना एकदाही उशीर झाला नाही, हे मनात राहतं.

धामणगावात हा आजार कुणी ऐकलेला नव्हता. औषध नागपूरहून रेल्वेनं मलकापूरला येतं. बाटली मी माठाखालच्या ओल्या वाळूत पुरून ठेवते. सुई बोथट झाली, की सहाणेवर घासते. लघवीत निळं औषध टाकून दिव्यावर उकळते. निळं राहिलं तर जिवात जीव, विटेसारखं लाल झालं तर साखर वाढली. भाकरी तराजूत तोलून देते. मी मास्तरची लेक, म्हणून पिचकारीवरच्या बारीक रेघा मला वाचता येतात. सारं मीच करते, आणि करताना कुणी जवळ बसत नाही.

डॉक्टरांनी दोन गोष्टी बजावल्या होत्या. गोड द्यायचं नाही, ही पहिली. दुसरी अशी, की सुई दिल्यावर ती जेवली नाही, तर अंगातली साखर पार उतरेल. घाम सुटेल, थरथरेल, बरळेल. तेव्हा वेळ न लावता गूळ नाहीतर साखर तोंडात घालायची, नाहीतर पोर हाती लागणार नाही.

ही दुसरी गोष्ट मी घरात सांगितलीच नाही. आत्याबाईंचा नातीवर फार जीव. सांगितलं असतं, तर 'थरथरून राह्यली होती' म्हणत त्यांनी रोज पदराआडून गूळ चारला असता. म्हणून मी एवढंच सांगितलं, की गुळाचा खडा पोटात गेला तरी पोर मरेल. गल्लीभर सांगितलं. घरातली गुळाची भेली उचलून शेजारच्या अंबूबाईंकडे पोचवली. तेव्हापासून बारशाला, हळदीकुंकवाला रुखीला कुणी बोलावत नाही. ती अंगणात उतरली, की बाया आपापली पोरं घरात हाका मारून घेतात. बोलायला मला तिच्याशिवाय कुणी नाही, तिला माझ्याशिवाय.

मग हरताळका आली. मागच्या वर्षी रुखीनं पोरींबरोबर कडक उपास केला होता. औंदा मी नाही म्हटलं. दारातून जाता जाता अंबूबाई हसून म्हणाल्या, "तिले कायले पाहिजे उपास? तिले कोन करून नेईन बाप्पा?"

रुखी उंबऱ्यावरच बसली होती.

हरताळकेच्या सकाळी तिला सुई दिली, तोललेली भाकरी आणि दूध पुढ्यात ठेवलं, पूर्ण खा म्हटलं, आणि महादेवाची पिंड करायची वाळू आणायला बायांमागून नदीवर गेले. चार-पाच महिन्यांत पहिल्यांदाच बायांत गेले होते. पाण्यात पाय सोडून बसले जराशी. बसायला नको होतं.

परत आले तर रुखी ओसरीवर पडलेली. झंपर घामानं भिजलेलं, दातखिळी बसत आलेली, डोळे माझ्यावर पण बघत भलतीकडे. आत्याबाई मीठ-मिरच्या ओवाळत होत्या. दुखणं उसळलं म्हणून त्यांनी कडुनिंबाचा पाला वाटून तिच्या ओठाला लावला होता. गोडाचा आजार कडूनं उतरेल, हे त्यांनी आपल्या मनानंच ठरवलेलं.

घरात गुळा-साखरेचा कण नव्हता. मी अंबूबाईंच्या घरात शिरले. त्यांची पूजा मांडलेली होती. महादेवापुढच्या वाटीतला गूळ मी उचलला. अजून नैवेद्य व्हायचा हाय म्हणत त्या मागोमाग आल्या आणि मी काय करते ते बघून ओरडल्याच, की ही बाई पोरीला मारायला निघाली. आत्याबाईंनी माझं मनगट धरलं.

"सोड वं. तूच म्हने ना, खडा गेला तं मरन."

"आत्याबाई, मी निम्मंच सांगितलं होतं. हात सोडा."

त्यांनी सोडला नाही. मी हिसडा दिला. गूळ पाण्यात कालवून बोटानं तिच्या गालाच्या आत चोळत राहिले. अंबूबाई देवाचं नाव घेत दारात उभ्या. किती वेळ गेला ठाऊक नाही. मग तिनं माझं बोट चोखलं.

भाकरी वासराला घातली, दूध मांजराला, हे शुद्धीवर आल्यावर तिनं स्वतःच सांगितलं. "महादेवाले म्हटलं, सुई बंद कर."

अंबूबाई निघून गेल्या. आत्याबाई भिंतीला टेकून बसल्या होत्या. मी त्यांना सारं सांगितलं, दुसरी गोष्टही.

"मले काऊन नाई सांगितलं? मी का दुश्मन हाओ तिची?" मग हळूच म्हणाल्या, "अन् उद्या तूच मेली तं?"

आज सकाळी हे बैल घेऊन गेले. आत्याबाई मात्र येऊन बसल्या, रुखीचा गुडघा धरून. पिचकारी डोळ्यांजवळ नेली, लांब धरली, आणि रेघा दिसत नाहीत म्हणून परत दिली.

"माय, किती दिवस हाय वं हे?" रुखीनं विचारलं.

आत्याबाईंनी माझ्याकडे पाहिलं. रुखीला द्यायचं हेच उत्तर मी चैत्रापासून गिळून बसले होते.

"कायमचं," मी म्हटलं.

ती रडली नाही. "तं मले शिकव. तू नदीवर गेली म्हंजे?"

परसातलं एक वांगं तोडून आणलं. पिचकारीत साधं पाणी भरायला दिलं. अंक तिला येतात, मीच शिकवलेत. जीभ बाहेर काढून तिनं दट्ट्या ओढला, सुई वांग्यात टोचली, आणि माझ्याकडे बघून हसली. दोन रेघा जास्त झाल्या होत्या.

पुन्हा, मी म्हटलं.