आठवी बॅच

आई गेल्यानंतर भेटायला येणारा प्रत्येक माणूस आधी माझे डोळे बघायचा. खांद्यावर हात ठेवायचा, वाकून नीट निरखायचा, आणि तिथे काहीच सापडलं नाही की जरा हिरमुसून खुर्चीत बसायचा. मग चहा. चहा मीच करायचे, त्यामुळे संशय आणखी वाढायचा.

मावशीने, म्हणजे आईच्या धाकट्या बहिणीने, फार वाट न बघता निकाल जाहीर केला. "आईचा एक गुण म्हणून उचलला नाहीस गं. एक थेंब नाही! माणूस आहेस का भिंत?"

गुण म्हणजे रडणं. आई कशावरही रडायची. जाहिरातीतल्या म्हाताऱ्याला नातवाचा फोन आला की रडायची. टीव्हीवर अनोळखी माणसाला बक्षीस मिळालं की रडायची. आमचं जुनं वॉशिंग मशीन दोन माणसं उचलून नेत होती, तेव्हा ती जिन्याच्या वळणापर्यंत त्यांच्यामागे गेली होती. दम खायला त्यांनी मशीन तिथे टेकवलं, तर तिने त्याच्या झाकणावरून हात फिरवला. बाबा होते तोवर तिच्या उशाशी रुमालाची घडी ठेवायचे, जसा इतरांच्या उशाशी चष्मा असतो.

आणि अशी ही बाई रोज काजळ घालायची. चांगलं ठसठशीत. दुपारपर्यंत ते गालावर उतरलेलं असायचं. यातली विसंगती आम्हाला कधी खटकली नाही. वरच्या मजल्यावरच्या केमिस्टकाकूंना मात्र ती उपयोगी वाटली.

केमिस्ट हे आईने ठेवलेलं नाव. काकू पूर्वी रंगाच्या कारखान्यात प्रयोगशाळेत होत्या. निवृत्त झाल्यावर त्यांनी मागच्या खोलीत वजनकाटा, दोन शेगड्या आणि एक मिक्सर मांडून सौंदर्यप्रसाधनं बनवायला घेतली. लेबलं स्वतःच्या हाताने लिहायच्या. ब्रँडला मांजराचं नाव दिलं होतं, कारण त्या घरात निर्णय तेच घेतं. लिप बाम बरा चालला होता, पण काकूंचा जीव अडकला होता तो रडून न पसरणाऱ्या काजळात.

"पाण्यात टिकणारं काजळ कुणीही करतं," त्या म्हणायच्या. "पोहताना माणूस डोळे चोळतो का? नाक ओढतो का? रडणारा माणूस हाताच्या पाठीने असा खसकन पुसतो. खरी परीक्षा तिथे आहे."

कांदा चालत नसे. कांद्याने पाणी येतं, हुंदका येत नाही. म्हणून सात बॅचेस आईवर तपासल्या गेल्या आणि सातही तिने गालावर आणून दाखवल्या. काकू प्रत्येक वेळी तेच तीन प्रश्न विचारत. चुरचुरलं का? पसरलं का? कुणाच्या लक्षात आलं का? तिसऱ्यावर आई हसायची. "अगं, रस्त्यावरच्या कुत्र्याच्यासुद्धा लक्षात आलं."

शेवटच्या आजारपणात मात्र तिचं काजळ जागचं हललं नव्हतं. कॉटवर उशांना टेकून बसलेली आई, आणि डोळ्यांभोवती दोन स्वच्छ काळ्या रेषा. मी मनात म्हटलं होतं, काकूंना जमलं एकदाचं.

म्हणून ती गेल्यावर महिन्याभराने काकू खोकं घेऊन आल्या आणि म्हणाल्या, "आठव्या बॅचची टेस्ट राहिलीय," तेव्हा मला नवल वाटलं.

"पण ते जमलं होतं ना?"

"जमलं असेल." काकू पायाशी घुटमळणाऱ्या मांजराकडे बघत राहिल्या. "पण टेस्ट राहिली. तू करशील? तू तिची मुलगी. डोळे तेच असणार."

"काकू, मावशीला विचारा. डोळ्यांच्या बाबतीत माझं नाव खराब आहे."

"करून तर बघ."

मी हो म्हटलं. आईचं अर्धवट राहिलेलं असं एकच काम होतं, ज्याला माझ्या मदतीची गरज होती. बाकी सगळं ती आवरून गेली होती, अगदी मसाल्याच्या डब्यांवर तारखा टाकून.

खोक्यात काजळाच्या पेन्सिलीखेरीज आणखीही बरंच काही होतं. काकूंसारख्या घरगुती ब्रँडवाल्या बायका एकमेकींचा माल तपासायला पाठवतात आणि तो सगळा आईकडे यायचा. मी क्रमाने सुरुवात केली. एका लिपस्टिकच्या डबीवर 'प्रामाणिक' एवढंच लिहिलं होतं. ती लावल्यावर ओठ विटेच्या रंगाचे झाले. प्रामाणिक होती हे खरं. बिटाच्या रसाची लाली होती, तिच्यासोबतच्या चिठ्ठीत 'गालांशी संवाद साधा' अशी सूचना होती. संवाद एकतर्फीच झाला आणि संध्याकाळपर्यंत त्याचे डाग उशीच्या अभ्र्यावर होते. एका फाउंडेशनच्या छटांना मनःस्थितींची नावं होती. माझ्या रंगाला जुळणारी छटा निघाली 'स्वीकार'. ती मानेपाशी संपते तिथे सरळ रेघ दिसत होती. ती लावून मी कामावर गेले, तर स्वागतकक्षातली मुलगी म्हणाली, "ताई, आज बरं वाटत नाहीये का?"

मी कानांच्या दवाखान्यात ऐकण्याची तपासणी करते. माणसाला बंद खोलीत बसवायचं, कानांवर हेडफोन चढवायचे आणि सांगायचं: आवाज आला की बटण दाबा, नाही आला तर दाबू नका. दुसरं वाक्य लोकांना जड जातं. ते मला बरं वाटावं म्हणून बटण दाबतात. काचेपलीकडून माझ्या चेहऱ्याचा अंदाज घेतात आणि शांततेतही दाबतात. मी त्यांना समजावते की ऐकू न येणं हेही उत्तरच आहे, आणि तेच मला हवंय.

त्यामुळे खोटं रडण्याचा प्रश्न नव्हता. मी रोज सकाळी आठवी बॅच घालायचे आणि रोज संध्याकाळी ती जशीच्या तशी तेल लावून पुसायचे. म्हाताऱ्याची जाहिरात शोधून काढली. नातवाचा उच्चार सदोष आहे, एवढंच माझ्या लक्षात आलं.

रविवारी मावशी मदतीला आली. मदतीची कल्पना तिचीच.

"बस इथे. डोळे मीट. आता आठव, तुला गोवर आला होता आणि ताई रात्रभर उशाशी बसली होती."

"गोवर दादाला आला होता."

"मध्ये बोलू नकोस! कुणालाही आला असेल, बसली होती ना?" मावशीचा आवाज कापायला लागला. "माझ्या लग्नात तिने स्वतःची साडी मला दिली गं. एका शब्दाने बोलली नाही. आणि मी काय केलं? बाह्या आखूड आहेत म्हणाले ब्लाउजच्या..."

मी डोळे उघडले, तर मावशीचा नामवंत कंपनीचा मस्कारा हनुवटीपर्यंत पोचला होता. मी तिला रुमाल दिला, पाणी दिलं, पाठीवरून हात फिरवला. ती माझ्या डोळ्यांत बघून पुन्हा रडली, पण हे वेगळं रडणं होतं.

"पुढच्या रविवारी सगळे माझ्याकडे जेवायला आहेत," जाताना ती म्हणाली. "ताईची आठवण काढायला. लोक काय काय बोलतात, मी ऐकून घेते. निदान चार माणसांसमोर तरी नाक ओढ."

"सर्दी झाली तर बघते."

"बघा! जीभ मात्र आईचीच!"

त्या रविवारी मी काजळ घातलं, सवयीने. आरशासमोर वाकल्यावर कळलं की हे निरर्थक आहे. काकूंचं काम माझ्यापाशी अडकून पडलं होतं. दुकानांशी बोलणी झालेली होती आणि त्या टेस्ट झाल्याशिवाय एक पेन्सिल विकणार नव्हत्या. मावशीकडे जाण्याआधी मी पेन्सिल परत करायला वर गेले.

काकू हातमोजे घालून मेण वितळवत होत्या. मांजर वजनकाट्यावर बसलं होतं.

"दुसरी कुणी बघा, काकू. मला नाही जमत. आईच्या जागी मी नापास."

"तीही नापासच झाली की," काकू म्हणाल्या. मेणाकडे बघत, सहज. मग त्यांनी शेगडी बंद केली.

"कशात?"

"आठवीतच. तिलाच दिली होती गं मी आधी. बरी उतरलीय हे मला ठाऊक होतं. डॉक्टरांनी सांगितलं त्याच दिवशी वर आली, म्हणाली, 'केमिस्ट, आण ती पेन्सिल. आता बघ कसा पूर येतो.' हसत होती. रोज घालायची. जिना चढवेनासा झाल्यावर मी खाली यायचे. तू कामावर असायचीस. आणि रोज मान हलवायची. 'आज पण नाही गं. ती जाहिरात लावून बघितली. म्हातारा फोनवर बोलतो, आणि मला वाटतं, बरंय, बोलतोय.'"

मांजराने वजनकाट्यावर कूस बदलली आणि आकडे बदलले.

"लाज वाटायची तिला," काकू म्हणाल्या. "तुला सांगू नकोस म्हणाली होती. 'लेक हसेल मला. म्हणेल, जन्मभर वॉशिंग मशिनीवर रडलीस, आणि स्वतःची वेळ आली तर कोरडी ठणठणीत.' मी म्हटलं, अगं, येईल. तर म्हणाली, 'नाही येत. आतून सगळं आवळून धरल्यासारखं झालंय. आमच्या पोरीला असंच होत असेल का गं नेहमी?'"

"मला उशीर होतोय," मी म्हटलं. पेन्सिल परत करायची विसरून मी दार ओढून घेतलं.

जिन्याच्या वळणावर, जिथे मशीन टेकवलं होतं, तिथे मला आणखी उशीर झाला. तिथली पायरी गार होती. कुणी वर आलं नाही, कुणी खाली गेलं नाही. त्याबद्दल एवढंच सांगते की काकूंच्या सगळ्या अटी पूर्ण झाल्या. हुंदका होता, नाक ओढणं होतं, आणि रुमाल मावशीकडेच राहिला असल्यामुळे हाताच्या पाठीने खसकन पुसणंही होतं, पुन्हा पुन्हा.

चालत गेले तरी ते थांबत नव्हतं. मावशीच्या गल्लीच्या तोंडाशी औषधाच्या दुकानाची काच आहे. तिच्यात बघून केस नीट केले आणि बेल वाजवली.

दार मावशीनेच उघडलं. मागे जेवणाच्या टेबलाभोवती दादा, वहिनी आणि आईच्या कार्यालयातल्या दोन मैत्रिणी बसल्या होत्या. त्या नाकाला रुमाल लावून तयारीतच होत्या. मावशीने माझी हनुवटी धरली आणि चेहरा खिडकीकडे वळवला.

"या बाईसाहेब! तासभर उशीर, आणि वर काजळ घालून आल्यात. बघा, रेघ तरी हललीय का?"

मैत्रिणींनी पाहिलं. हललेली नव्हती. एकीने तर कौतुकानेच मान डोलावली आणि मग चूक सुधारल्यासारखा उसासा टाकला.

"असू दे गं मावशी, असतो एकेकाचा स्वभाव," दादा म्हणाला. त्याचे डोळे लाल होते. त्याच्या पाठीवर वहिनीचा हात होता.

"काय स्वभाव? ताई बघत असेल तर काय वाटत असेल तिला?"

काय वाटत असेल, हे मला त्या दिवशी पहिल्यांदाच बऱ्यापैकी ठाऊक होतं. सांगता आलं असतं. पण सांगितलं असतं तर तिचं गुपित चार ताटांमध्ये वाढलं गेलं असतं. मी ताटं घ्यायला लागले.

"बघा," मावशी मागून म्हणाली, "कामाला लागली."

संध्याकाळी मी पुन्हा वर गेले. काकूंनी दार उघडलं, माझ्याकडे बघितलं आणि चेहरा पाडला.

"चुरचुरलं नाही," मी म्हटलं. "पसरलं नाही."

काकू चष्मा घालून जवळ आल्या. "कांदा?"

"नाही."

"सर्दी?"

"नाही."

त्यांनी माझ्या डोळ्यांकडे बराच वेळ पाहिलं. रेषेकडे नव्हे, आतल्या लालीकडे. जी दुपारभर इतक्या जणांना दिसली नव्हती.

"कुणाच्या लक्षात आलं का?"

"कुणाच्याही नाही."

काकू खाली बसल्या. मांजर उडी मारून मांडीवर आलं, त्याला त्यांनी हातमोज्यानेच थोपटलं. "म्हणजे पास," त्या म्हणाल्या. मग म्हणाल्या, "ती असती तर हे ऐकून नक्की रडली असती."

"आणि काजळ गालावर आलं असतं."

"अजिबात नाही," काकू दुखावल्या. "ही आठवी बॅच आहे."