परंतुसरांचं मत

मालमत्तेचा कायदा शिकवणाऱ्या सरांना मुलं परंतुसर म्हणत. त्यांचं कुठलंही वाक्य परंतुवर पोचल्याशिवाय संपत नसे. सरांना हे नाव ठाऊक होतं आणि फारसं अमान्यही नव्हतं. कायदा म्हणजे शेवटी परंतुच, असं ते म्हणत.

त्यांच्या कॉलेजात कराराचा कायदा शिकवणाऱ्या करारबाईंच्या प्रमोशनचा प्रश्न आला आणि समितीवर तिघे नेमले गेले. प्राचार्य अध्यक्ष. दुसऱ्या, फौजदारी कायद्याच्या बाई. आवाजामुळे आणि विषयामुळे सगळे त्यांना फौजदार म्हणत. तिसरे परंतुसर.

अडचण अशी, की गेल्या काही वर्षांत करारबाईंचे लेख नियतकालिकांत फारसे आले नव्हते. सोशल मीडियावर मात्र त्यांचं लिखाण चालूच होतं. घरभाडं, नोकरीचे करार, दुकानदाराने परत न घेतलेला माल, असल्या विषयांवर. लोक प्रश्न विचारत, बाई उत्तरं देत. अर्जासोबत त्यांनी हेच लिखाण जोडलं होतं.

पहिल्याच बैठकीत प्राचार्यांनी चष्मा काढून टेबलावर ठेवला. "उद्या कुणी म्हणेल, मी चौकात उभा राहून भांडतो, ते माझं संशोधन धरा."

"चौकात काय भांडतो त्यावर आहे," फौजदार म्हणाल्या. "सर, आपले लेख किती जण वाचतात? तुमचा मागचा मी वाचला, कारण माझं नाव आभारात होतं."

प्राचार्य हसले नाहीत. परंतुसरांचा कल प्राचार्यांकडेच होता. फोनवरच्या वादावादीला विद्वत्ता म्हणायचं म्हणजे फारच झालं. परंतु न वाचता मत देणं बरं नव्हे, म्हणून त्यांनी पुढच्या बैठकीपर्यंत मुदत मागितली आणि वाचायला बसले.

वाचताना त्यांची चिडचिड झाली. बाई फार सोपं लिहीत होत्या. मग लक्षात आलं, की सोपं असलं तरी चुकीचं नव्हतं. एका ठिकाणी एका वकिलाने बाईंना सुनावलं होतं, "वर्गात बसून वकिली करू नका, मुदतीचा नियम तुम्ही उलटा सांगितलाय." दुसऱ्या दिवशी बाईंनी सगळ्यांना दिसेल असं लिहिलं होतं, "ते बरोबर आहेत, मी चुकले. ज्यांनी माझ्या सांगण्यावर काही केलं असेल त्यांनी मला लगेच कळवा." सरांनी ते दोनदा वाचलं. त्यांच्या ओळखीतल्या बऱ्याच विद्वानांनी चुका केल्या होत्या. अशी कबुली मात्र त्यांनी छापील पानावर क्वचितच पाहिली होती. त्यांचं मत हळूहळू दुसऱ्या बाजूला सरकू लागलं.

रविवारी ते थोरल्या बहिणीकडे जेवायला गेले. ताईचं कपडे शिवायचं दुकान होतं, वर राहायची खोली. जेवताना त्यांनी वाचनाच्या ओझ्याची तक्रार केली.

"कोण, करारबाई? त्यांनीच तर माझं मागचं दार सोडवलं!" ताई म्हणाली.

"कुठलं मागचं दार?"

जागेच्या मालकाने दुकानाच्या मागच्या दाराला जाळी ठोकली होती. गिऱ्हाईक पुढून येई, पण कापडाचे तागे मागूनच आत यायचे. ताईने बाईंच्या पोस्टखाली विचारलं. बाईंनी दोन-चार प्रश्न केले आणि मालकाला काय लिहायचं ते अगदी साध्या शब्दांत सांगितलं. जाळी निघाली.

सर घास हातात धरून बसले. "अगं, मी मालमत्तेचा कायदा शिकवतो. मला नाही विचारलंस?"

"विचारलं होतं. तू रोमन लोकांपासून सुरुवात केलीस. जेवण गार झालं, पण तू दारापर्यंत काही पोचला नाहीस." ताईने त्यांच्या ताटात भात वाढला. "पिकतं तिथे विकत नाही म्हणतात ना, तसं तुमच्या कॉलेजचं झालंय. त्या तुझ्याच कॉलेजातल्या, म्हणून तर मी त्यांना वाचायला लागले."

परत येताना सरांना अपमानापेक्षा वेगळीच गोष्ट बोचत होती. आपल्याच प्रकरणात आपण न्यायाधीश होऊ नये, हे ते दरवर्षी मुलांना बजावून सांगत. आणि जिचा निवाडा करायचा, तिने आपल्या सख्ख्या बहिणीचं काम फुकट करून दिलं होतं.

पुढच्या बैठकीत त्यांनी ते सांगून टाकलं.

फौजदारांनी कपाळाला हात लावला. "हे हात दाखवून अवलक्षण झालं, सर. कुणी विचारलं होतं?"

"मग तुम्हाला मत देता येणार नाही," प्राचार्य तत्परतेने म्हणाले. मग एक मत बाजूने पडलं, एक विरुद्ध पडलं आणि बरोबरी झाल्यावर अध्यक्षांचं जादा मतही विरुद्ध गेलं. प्रमोशन वर्षभर लांबलं.

करारबाई सरांच्या खोलीत आल्या, पण बसल्या नाहीत.

"तुमचं मत काय होतं?"

"ते आता सांगणं बरोबर नाही."

"फौजदारांच्या बोलण्यावरून समजलं मला. होकार होता." बाईंचा आवाज चढला नव्हता. "म्हणजे तुमचं तत्त्व शाबूत राहिलं आणि माझं वर्ष गेलं."

सरांनी बरंच काही बोलायचं ठरवलं होतं. "हो, तसंच झालं," एवढंच ते म्हणाले. बाई गेल्या.

तत्त्वाचा माणूस तत्त्वाला कुठे ढिला पडेल, ते सांगता येत नाही. समितीतलं बाहेर बोलायचं नसतं. पण ताईने जेवताना विचारलं, "त्या बाईंचं काय झालं रे?" आणि सर बोलून गेले, की तुझ्या दारापायी अडलं. दुपारी दुकान बंद ठेवून ताईने सगळी हकीकत फोनवर लिहिली आणि जगापुढे ठेवली.

संध्याकाळपर्यंत ती कुठल्या कुठे पसरली. ज्यांची भाडी अडली होती तेही आले आणि ज्यांना नुसतं भांडायचं होतं तेही आले. प्राचार्यांचा फोटो शोधून काढला गेला. त्यांच्या चष्म्यावरून, टकलावरून, मग त्यांच्या मुलीच्या नोकरीवरून लोक बोलू लागले. प्राचार्यांनी परंतुसरांना बोलावलं आणि फोन त्यांच्यासमोर सरकवला.

"तुमच्या ताईंचं काम?"

"हो. पण तिला सांगितलं मी. चूक माझी आहे."

तेवढ्यात फोनवर करारबाईंचं नवं लिखाण दिसलं, आणि दोघांनी ते एकाच वेळी वाचलं. बाईंनी लिहिलं होतं, "निर्णय नियमाप्रमाणे झाला. लिखाण मोजायचा नियम मला जुना वाटतो, आणि तो बदलावा म्हणून मी कॉलेजातच भांडणार आहे. माणसाच्या टकलावर बोलणं हा युक्तिवाद नव्हे. त्यांच्या मुलीचा तर या प्रकरणाशी काडीचाही संबंध नाही. माझ्या बाजूने बोलणाऱ्यांनी तरी हे थांबवा."

त्यानंतर अर्धे लोक बाईंवरच उलटले. विकली गेली, घाबरली, शेवटी त्यांच्यातलीच निघाली, असं लिहू लागले. बाईंनी निदान त्यातल्या शहाण्यांना तरी उत्तरं दिली. दोन दिवसांत लोकांना दुसरा विषय मिळाला.

सरांना लेखी समज मिळाली. ती योग्यच होती, असं त्यांनी सगळ्यांना सांगितलं, न विचारताही.

सत्र संपता संपता सगळ्या शिक्षकांची सभा झाली. लोकांसाठी केलेलं लिखाण तपासून मोजावं असा ठराव फौजदारांनी मांडला. वाद बराच झाला. तपासणार कोण, लोकप्रियतेला गुणवत्ता समजलं तर काय, उद्या कुणी गाणी लावून कायदा शिकवला तर काय. परंतुसरांनी दोन दुरुस्त्या सुचवल्या आणि दोन्ही मान्य झाल्या. हात वर करायची वेळ आली तेव्हा प्राचार्यांचाही हात वर गेला. सगळे त्यांच्याकडे बघू लागले.

"बघता काय?" ते म्हणाले. "शिव्या कुठवर गेल्यात ते बघायला फोन उघडला होता, आणि त्या बाईंची उत्तरं वाचत बसलो. जामीनदाराचं कलम मला आजवर इतकं नीट कळलं नव्हतं."

पुढच्या वर्षी बाहेरची समिती आली आणि बाईंना बढती मिळाली. परंतुसर अभिनंदन करायला त्यांच्या खोलीत गेले. या वेळी बाईंनी खुर्ची पुढे केली. जुन्या गोष्टीचा विषय कुणी काढला नाही. दोघांनी चहा घेतला, नव्या वर्गातल्या मुलांबद्दल बोलले. सर उठले तेव्हा बाई म्हणाल्या, "ताईंना सांगा, पाण्याचं काम होईल. मालकाचं उत्तर आलंय, त्यात तो स्वतःच फसलाय."

"कसलं पाणी?" सरांनी विचारलं.

बाईंना हसू आवरेना.