दोन्ही बाजूंनी सईदा

गुणवंतराव गुरुजींनी पहिला धडा वाचायला सांगितला आणि सईदाने मराठीचं पुस्तक उघडलं ते मागून. घरी आईजवळ उर्दूचं पुस्तक तसंच उघडायचं, हाताला सवय. समोर आला शेवटचा धडा, तिसरीच्या पोरांना घाम फोडणारा. पोरीने तो न अडखळता वाचून काढला. पण ते ऐकायचं होतं कोणाला! वर्ग खिदळला आणि गुरुजींना दिसलं फक्त उलटं उघडलेलं पुस्तक.

दुसऱ्या दिवशी त्यांनी तिच्या बापाला बोलावलं. इनायत गोंडपिपरीच्या बाजारात बांगड्या भरायचा.

"घरची उर्दू बंद करा. त्यानंच घोळ होऊन राह्यला. नाई तं पोरीले पहिलीत बसवतो."

"तुमी म्हणसान तसं, गुरुजी," इनायतने मान तुकवली.

सईदाच्या अंगाचा तिळपापड झाला. चूल आवरली की तिची आई अमिना तिला जवळ घेऊन वाचायला बसायची. आईला वाचता येत होतं ते उर्दूच. ती सोडायची म्हणजे आईजवळचं ते बसणंच सोडायचं. असलं मागायला यांची जीभ तरी कशी रेटली?

गुरुजींनी खडू पुढे केला. "नाव लिही. कुठून सुरू करते, पाहू दे तुह्या बापाले."

सईदाने डावीकडून मोठ्या अक्षरात मराठीत नाव लिहिलं. मग सरळ फळ्याच्या उजव्या टोकाला गेली आणि तिकडून उर्दूत लिहीत आली.

"ते पुस!" गुरुजी कडाडले. फडकं तिच्या हातात कोंबलं.

"पुस, बेटा," इनायत घाबरून म्हणाला.

सईदाने फडकं टेबलावर ठेवून दिलं.

"पुसाचं असन तं तुमीच पुसा, गुरुजी. अन् दोन्ही पुसा. दोन्ही माह्यंच नाव हाय. मी पहिलीत बसीन, पण अम्मा शिकवते ते सोडणार नाई."

पाटी उचलून ती खरंच त्याच खोलीतल्या, भिंतीकडच्या पहिलीच्या रांगेत जाऊन बसली, शेंबड्या पोरांमध्ये, मान ताठ करून.

गुरुजींनी फडकं उचललं, फळ्याजवळ गेले. मराठी नावात खोड काढायला जागा नव्हती. उर्दू त्यांना वाचता येत नव्हती.

"तिकडं काऊन बसली?" ते मागे न बघता म्हणाले. "तिसरीत ये."

आणि त्या दिवशीची गणितं त्यांनी दोन्ही नावांच्या खाली, उरलेल्या जागेत लिहिली.