नारळांची तुला

चौलच्या वाडीत त्या दिवशी मुंगीला शिरायला वाव नव्हता. पोफळींच्या सावलीत मांडव, मांडवात माणूस बसेल एवढा तराजू. एका पारड्यात आजारी माणूस, दुसऱ्यात सोललेले नारळ. शेजारी गादीच्या खुर्चीत तुलानंद महाराज. स्वतः चांगले गलेलठ्ठ, आणि बसलेत लोकांची चरबी उतरवायला.

"देह हलवू नका," महाराज माइकवर सांगत होते. "हललात की मेद खवळतो. गोळ्या बंद करा, आमचं तीर्थ घ्या आणि पडून राहा. तुमची चरबी आम्ही दर्यात सोडतो."

लोक माना डोलवत होते. त्यात शिकलेले होते, मोबाइलवर शूटिंग करणारे होते. मला अक्षरशः शिसारी आली.

मी हेमाली, इथल्याच शाळेत खेळ शिकवते. माझ्या शेजारच्या गोदूकाकीला बरीच वर्षं मधुमेह, त्यात गुडघे धरलेले. डॉक्टर पूनमनी तिला बजावलं होतं, वजन हळूहळू उतरव, गोळी चुकवू नको, रोज चाल आणि रोज पाय नीट बघत जा. संध्याकाळी मी तिला खाडीपर्यंत चालवत नेत असे. मला शिव्या घालायची, पण चालायची. वजन चार किलो उतरलं, साखरही आटोक्यात आली. आणि मग कुणीतरी तिला या मांडवात आणून बसवलं. पहिल्या तुलेला दीडशे नारळ लागले. त्या दिवसापासून गोळ्याही बंद आणि चालणंही.

"काकी, ब्लाउज उसवायला आलाय तुझा," मी मध्यंतरी म्हटलं.

"व्हय, चरबी निंगताना आधी फुगते. म्हाराज बोलले."

मी कपाळावर हात मारून घेतला.

आज तिची दुसरी तुला. काकी लंगडत आली, एका पायाला हळदीचं फडकं गुंडाळलेलं. महाराजांनी ओठांवर बोट ठेवलं, सगळीकडे शांतता. भक्तांनी त्याच दिवशी वाहिलेले नारळ पारड्यात एकेक करून ठेवले गेले. एकशेपंधरा झाले आणि पारडी बरोबरीला आली. बायका रडायला लागल्या, काकीने महाराजांच्या पायांवर डोकं ठेवलं.

लगेच रांगेतल्या धर्मा नावाच्या गड्याचा नंबर लागला, त्याची पहिली तुला. तशी मांडवामागून महाराजांच्या मठाची नारळांची पोती आली आणि कानठळ्या बसवणारा ढोल सुरू झाला. मला हेच खटकलं. पहिल्या तुलेला ढोल आणि दुसरीला मौन, असं का?

ढोल वाजवणारी पोरं माझ्याच शाळेतली. मी हात वर केला तशी गप्प झाली. धर्माच्या पोत्यातला एक नारळ उचलला. हाताला हलका लागला. माइकजवळ नेऊन हलवला, तर आत काहीतरी खुळखुळलं. दगडावर फोडला. पाण्याचा थेंब नाही, आत वाळून सुटलेला गोटा. मग काकीच्या तुलेतला ताजा नारळ फोडला. भसकन पाणी माझ्या पायांवर.

"दीड ताज्या नारळाचं वजन भरायला असे दोन गोटे लागतात," मी म्हटलं. "पहिल्यांदा गोटे, म्हणून जास्त लागतात, आणि त्यांची खुळखुळ ऐकू येऊ नये म्हणून ढोल. दुसऱ्यांदा पाण्याचे, म्हणून कमी. आपण जन्मभर नारळ मोजून विकतो, मोजून घेतो. तोलून कुणी कधी घेतलाय? या माणसाला ते बरोबर ठाऊक आहे."

"मुली, श्रद्धेची परीक्षा घेऊ नये," महाराज म्हणाले.

"नाही घेत. काकीला पुन्हा बसवा, आणि हेच गोटे घाला."

लोकांनीच घातले. दीडशे संपले, तरी काकीचं पारडं जमिनीवरच. वजन उतरलं नव्हतं, वाढलं होतं. महाराज ध्यानाला म्हणून आत गेले आणि मागच्या दाराने गाडीत बसले.

काकीला उतरवताना फडकं सुटलं आणि घाण वास आला. खाली दोन बोटं काळी पडली होती. महिनाभर महाराजांची माणसं त्यावर हळद लावत होती. दवाखान्यात ती बोटं काढावी लागली. मी पोलिसांत तक्रार दिली. ती कुठवर पोचली ते माहीत नाही, पण मुरुडच्या बाजूला पुन्हा मांडव पडलाय हे मात्र ऐकलं. पुन्हा तेच गोटे, तोच ढोल.

म्हणून सांगते. वजन एकाच काट्यावर बघा, साखर रक्त तपासून बघा, आणि जो गोळ्या सोडायला सांगतो त्याला दारात उभं करू नका. दीर्घ आजाराचं माणूस हळू चालेल, थांबत चालेल, पण त्याला चालू द्या.

एवढं होऊनही परवा कल्पिता, काकीची पुतणी, दवाखान्यात भेटायला आली ती म्हणाली, "काकी, तुमचीच श्रद्धा कमी पडली. मी मुरुडला नाव घातलंय."

काकी चिडली नाही. तिने चादर बाजूला केली आणि पाय पुढे केला.

"बग," ती म्हणाली. "आता सांग, तुज्या बीपीच्या गोल्या चालू हायत का सोडल्यास?"

कल्पिताने मान खाली घातली. काकीने तिचा हात घट्ट धरला आणि मला म्हणाली, "हेमाली, पूनम डाक्टरला बोलाव. हिला सोडू नको."