चपलेची हद्द

मे महिन्यात अकोल्यात माणसं दोनच प्रकारची. एक सावलीवाले, दुसरे बाकीचे. देवीदास सावलीवाला होता, अन् बाकीच्यायले हे रोजच्या रोज समजलं पाहिजे यावर त्याचा लय कटाक्ष होता.

प्लॉट घेतला तवा सारे हसले होते. रस्ता दक्षिणेले, अंगण दक्षिणेले, अन् मोकळी जागा सारी घराच्या मागं, उत्तरेले. साळा म्हणे, "भाऊजी, बिना उन्हाचा प्लॉट घेतला, पापड कुठं वाळवसान?" देवीदास म्हणे, "तुह्या टकलावर."

आता तोच साळा दर उन्हाळ्यात आठ दिवस मुक्कामाले येई. घराची दोन मजली भिंत दक्षिणेचं ऊन अडवे, बाजूच्या होस्टेलची भिंत पश्चिमेचं अडवे, अन् डोक्यावर शेवगा-पांगाऱ्याचं दाट छत. त्या झाडायवर पानाच्या वेली चढवलेल्या. बायको बेबीताईचं माहेर अंजनगावचं, पानमळेवाल्यायचं. वेल तिकडूनच आली. खाली काळी, ओली माती. माठाजवळ पुदिना. भिंतीले शेवाळ. मे महिन्यात, अकोल्यात, शेवाळ! पाहुणा आला की देवीदास त्याले त्या शेवाळाले बोट लावून पाहू देई, सोनं दाखवावं तसं. बाहेर सेहेचाळीस असलं तरी इथं आरामखुर्चीत माणूस पंचा पांघरून घोरत पडे.

त्याचं बी-बियाण्याचं दुकान. जूनमध्ये तिथं श्वास घ्यायले फुरसत नसे, अन् मे महिन्यात माशा मारायले गिऱ्हाईक नसे. म्हणजे दुपार रिकामी. रिकामा देवीदास अन् मोकाट वळू, दोन्ही सारखेच.

त्या मागच्या पानमळ्यात बसायले लोकं येऊ लागले. इन्शुरन्सवाला येई, नगरसेवकाचा माणूस येई, दूरदूरचे सोयरे येत. "जरासाक टेकतो बावा," म्हणत अन् चार वाजेपर्यंत उठत नसत. दुसरा कोणी असता तं त्यानं गेटले कुलूप लावलं असतं. पण कुलपात काय मजा?

पानमळ्याची एक रीत आहे. मळ्यात चप्पल घालून जात नाहीत. वेल बाटते, सडते, म्हणतात. अंजनगावले बेबीताईच्या बापानं, कलेक्टर आला असता तरी, बूट काढायले लावले असते. बेबीताईनं ती रीत इथंही पाळली. वेलीपाशी, मागच्या दारात चपला काढायच्या. देवीदासनं एवढंच केलं, शेतातला बांध, धुरा सरकवतात तशी ती चपलेची हद्द सरकवली. मागच्या दारातून उचलली अन् पार रस्त्यावरच्या गेटपाशी नेऊन ठेवली. पाटी लावली: 'पानमळा आहे. चप्पल इथेच काढावी.'

गेटपासून मळ्यापर्यंत चाळीस फूट काळी फरशी. बारा ते चार डोक्यावरचं ऊन पिऊन बसलेली. तिच्यावर पापड वाळला नसता, भाजला असता.

घरच्यायले तिच्यावर पाय ठेवायची गरजच नव्हती. ते घरातून मागच्या दारानं मळ्यात जात.

गेटसमोर रस्त्याच्या पलीकडं कुंदनचा पानठेला. हे थेटर. देवीदास खिडकीतून इशारा करे, ठेल्यावरचे चार-पाच जण सावरून बसत, अन् कुंदन मोठ्यानं मोजायले लागे. "एक... दोन... तीन..." पाहुणा तिसऱ्या पावलापर्यंत अब्रू सांभाळे. चौथ्याले गुडघा वर जाई. सहाव्याले "अय्यायी गं" निघे. मंग ज्याचा जसा नाच. इन्शुरन्सवाल्याचा बेडूक. नगरसेवकाच्या माणसाची लेझीम. साळा तं टाचेवर चाले, ढुंगण मागं काढून. त्याचं नाव बदक. अकराच्या आत जो पोचला तो पास.

"असं करू नाही जी," बेबीताई म्हणे. "माह्या बापाची रीत आहे ते."

"म्हणूनच तं पाळून राहिलो," देवीदास म्हणे.

त्या उन्हाळ्यात केशवराव आले.

केशवराव अमरावतीच्या स्टँडवर कंट्रोलर होते. रिटायर झाले, बायको गेली, मंग पोरानं अकोल्याले आणलं, देवीदासच्या बाजूच्या गल्लीत. पोराच्या घरात कूलर एक, तो पोरा-सुनेच्या खोलीत. केशवरावच्या वाट्याले वरची खोली, टिनाची. दुपारी तिथं पंखा लावला तं गरम हवा थापडा मारे. सत्तरीचा माणूस, गेटबाहेर उभा राहून म्हणे, "देवीदास, मी बोलणार नाई, चालणार नाई, चहा मागणार नाई. दुपारचं तेवढं एका कोपऱ्यात बसू देशीन का रे? वर मले मरून जाईन असं वाटते."

"या ना काकाजी! तुमचंच घर आहे. फक्त चप्पल..."

"वाचलं मी. बरोबर आहे. पानवेल नाजूक असते."

चप्पल काढली, पाटीखाली जोडीनं सरळ ठेवली, अन् निघाले. ठेल्यावर कुंदननं मोजणी सुरू केली. एक, दोन, तीन, चार. केशवराव चालून राहिले. सात. आठ. बागेत फिरावं तसे. बारा. मधात थांबले, धोतराचा सोगा नीट केला, पुढं गेले. एकोणवीसले मळ्यात पोचले. खुर्चीवर बसले, डोळे मिटले, अन् म्हणे, "आहाहा. स्वर्ग आहे बे हा."

देवीदासचं तोंड असं झालं जसा बार फुसका निघाला.

"देवीदासभाऊ," संध्याकाळी कुंदन म्हणे, "तुमची फरशी थंडी पडली वाटते. म्हातारा तं आरामात फिरून गेला."

"जिद्दी आहे. आतून जळत असन, दाखवत नाई."

"आमचं काय जी, आमी तिकीट वापस मागतो."

ठेल्यावर सारे हसले. देवीदासवर हसले. हे पहिल्यांदाच झालं होतं.

दुसऱ्या दिवसापासून त्यानं फरशीवरचं सकाळचं पाणी बंद केलं. झाडून पालापाचोळा काढला, कुठं पाय टेकायले जागा नको. केशवराव आले, एकोणवीस पावलं, स्वर्ग. मंग त्यानं निमित्तं काढली. "काकाजी, गेटची कडी लागली का पाहाल?" केशवराव उठून जात, येत. "काकाजी, पेपर आला असन." जात, येत. दिवसाच्या चार चकरा, पाच चकरा. म्हातारा एका शब्दानं कुरकुरला नाही. त्याले वाटे, खुर्चीचं भाडं आहे हे. फुकटात कोण बसू देते? उलट नव्या कोणाच्या चपलेचा आवाज फरशीवर आला तं तोच आतून ओरडे, स्टँडवरच्या आवाजात, "ओ भाऊ! चप्पल तिथंच!"

एकदा त्यानं विचारलं, "देवीदास, हा कुंदन दुपारी सारखं काय मोजते रे?"

"पानं मोजते, काकाजी. ठेल्यावरचे."

"मेहनती पोरगा आहे."

देवीदासले हसू दाबायले माठामागं जावं लागलं.

बेबीताईनं सांगितलं होतं. "त्यायले शुगर आहे, वीस वर्षाची. पाय पाहिले का कसे दिसतात?" आता वऱ्हाडात शुगर कोणाले नाही? देवीदासच्या लेखी शुगर म्हणजे चहात साखर टाकायची नाही, इथपर्यंतच मामला. स्वतः केशवरावही म्हणत, "पाय माहे खोडावानी झाले गड्या, कापूस बांधल्यासारखे." देवीदास म्हणे, "वयाचं आहे काकाजी." अन् डोक्यात दुसरंच शिजत होतं.

मेच्या चौथ्या आठवड्यात पेपरात आलं: आज अकोल्यात शून्य सावली. दुपारी बारा-वीसले सूर्य बरोबर डोक्यावर, माणसाची सावली पायाखाली.

देवीदासनं कुंदनले फोन केला. "आज बेंच बाहेर लाव. आज म्हातारा नाही नाचला तं मी मिशी उतरवतो."

बारा वाजून अठरा मिनिटं. केशवराव गेटातून आत आले तसा देवीदास बैठकीच्या खिडकीत, मोबाईल हातात. "काकाजी, थांबा थांबा! तिथंच, मधात! आज बिनसावलीचा फोटो काढतो तुमचा. पेपरात देऊ."

केशवराव खूश. त्यायचा फोटो शेवटी निवृत्तीले निघाला होता. टोपी नीट केली, हात बाजूले, अटेन्शन.

"हलू नका काकाजी. सावली हलते."

एक मिनिट. ठेल्यावर मोजणी जोरात. दोन मिनिटं. "थोडं उजवीकडं पाहा. नाही, मान नाही, डोळे." तीन मिनिटं. केशवराव हसूनच होते. कपाळावरून घाम टपकून फरशीवर पडे अन् पडल्या जागी नाहीसा होई. देवीदासचाच धीर सुटला. हा माणूस आहे का देव आहे? चौथ्या मिनिटाले त्यानं फोन खाली केला. "झालं काकाजी."

"चांगला आला का?"

"एक नंबर."

केशवराव मळ्याकडं निघाले. ज्या जागी उभे होते तिथं फरशीवर दोन पाय उमटले होते. ओले. टाच, तळवा, पाची बोटं, रांगोळीतल्या लक्ष्मीच्या पावलासारखे.

"घाम फुटला! पायाले घाम फुटला म्हाताऱ्याच्या!" ठेल्यावरून कुंदन ओरडला, अन् टाळ्या पडल्या.

बेबीताई मळ्यात माठ भरून राहिली होती. केशवराव खुर्चीत बसले, पाय समोर पसरले, डोळे मिटले, "स्वर्ग," म्हणे. तिनं त्यायचे तळवे पाहिले अन् तिच्या हातची कळशी पडली. तळव्याले कातडंच नव्हतं. कातडं फरशीवर होतं.

पोरानं अमरावतीले नेलं. तिथं दोन बोटं काढली, उजव्या पायाची. केशवराव म्हणत, शुगरनं गेली.

देवीदासले वाईट वाटलं का? पहिले दोन दिवस जेवण गेलं नाही. तिसऱ्या दिवशी गेलं. बेबीताई माहेरी निघून गेली नाही, बोलणं मात्र तिनं बंद केलं. अन् तिच्या हातचं जेवण बिनबोलताही तेवढंच चांगलं लागे. पाहुणे येईनासे झाले. दुपारी मळा एकट्याचा. थंडी माती, वेलीचा तिखट वास, होस्टेलच्या भिंतीवर पारवे. खोटं काहून सांगा, देवीदासले झोप छान लागे. एकच केलं त्यानं: फोटो मोबाईलमधून काढून टाकला. पाटी काढायची राहून गेली.

मृग कोरडाच चालला होता. जूनचे पंधरा दिवस झाले तरी आभाळ टिनासारखं कोरं, अन् बियाण्याचं दुकान रिकामं. एका दुपारी गेटसमोर ऑटो थांबला. देवीदास मळ्यात खुर्चीवर होता, अनवाणी, अर्धवट झोपेत. गेटापासून तो ओळखीचा आवाज आला.

"देवीदास! आहेस का रे?"

"कोण? काकाजी?" तो जागचा उठला नाही. इथूनच म्हणे, "या ना!"

"येतो. वर राहवत नाई रे. एक इचारू का? दोन्ही पायाले पट्टी आहे माह्या. पट्टी चालते का आत? का चपलेसारखंच धरतात?"

आता काही काही माणसाची जीभ त्याच्या आधी उठते. देवीदासच्या मनात नव्हतं, शपथेवर सांगता आलं असतं. पण वीस वर्षं ज्या जिभेनं एक चेंडू सोडला नाही ते अशा वेळी कशी सोडीन?

"नाई चालत, काकाजी!"

ठेल्यावर कोणीतरी फिसकन हसलं. सवयीनं.

"बरं," केशवराव म्हणे. "बरोबर आहे."

 देवीदासनं डोळे मिटले. एवढ्यात वरच्या गॅलरीतून बेबीताई, तीन आठवड्यात पहिल्यांदा बोलली. बोलली म्हणजे किंचाळली. "अहो! तो माणूस पट्टी सोडून राहिला!"

देवीदास उठला अन् पळाला. घराच्या बाजूनं, सरळ फरशीवर. केशवराव गेटाच्या उंबऱ्यावर बसले होते, छत्री बाजूले, काठी बाजूले, अन् उजव्या पायाची पट्टी हळूहळू गुंडाळत होते. नीट, परत बांधता यावी अशी.

"काकाजी, नको! मजाक केली, मजाक!" त्यानं केशवरावचा हात धरला. तो तिथपर्यंत पोचला तो पळण्याच्या जोरावर. उभं राहिल्यावर फरशीनं त्याले पकडलं.

त्याचा एक गुडघा वर गेला. मंग दुसरा. "अय्यायी गं..." पलीकडं ठेल्यावर कुंदनचा मेंदू बंद होता, तोंड चालू होतं. "एक... दोन... तीन... चार..."

केशवराव पाहत होते. आधी देवीदासच्या तोंडाकडं, मंग त्याच्या पायाकडं. खाली, वर, खाली, वर. हे त्यायनं कधी पाहिलं नव्हतं. ते पाहुण्यायच्या नेहमी आधी येत अन् मळ्यातून गेट दिसत नसे.

"हे तापते?" त्यायनं विचारलं.

 केशवरावनं मोकळा तळहात फरशीवर टेकवला. हातात जीव होता अजून. हात झटक्यात वर आला. त्यायनं तळहाताकडं पाहिलं. मंग पाटीकडं. मंग रस्त्यापलीकडच्या ठेल्याकडं, जिथं कुंदन सातावर येऊन अडकला होता.

"अच्छा," केशवराव म्हणे. "पानं मोजते म्हणे."

देवीदासनं हात सोडवायले पाहिलं. पण आता हात त्यानं धरलेला नव्हता, केशवरावनं धरला होता. तीस वर्षं बिन तिकिटाचे अन् दारू प्यालेले धरणारा हात होता तो. पायात काही उरलं नव्हतं. सारं हातात होतं.

"काकाजी, सोडा. जळून राहिलं. काकाजी!"

"हलू नको," केशवराव म्हणे. मंग मान न वळवता, स्टँडवर गाडी लावताना लावत तसा आवाज लावला. "कुंदन! थांबला काहून बे? मोज."