सोंगीची जागा

पाहुण्यांच्या बस आठ वाजता यायच्या होत्या, म्हणून क्वाक तोक-बे सकाळी सहालाच शाळेमागच्या पाइनच्या राईत जाऊन बसला. दुसऱ्या जिल्ह्यातून थर्माकोलच्या पेटीत आलेली सोंगी अळंबी एकेक करून काढायची, बोटाने माती उकरायची, देठ आत बसवायचा आणि वर वाळक्या सुया पसरायच्या, म्हणजे आपोआप उगवल्यासारखी दिसते. बहात्तर वर्षांच्या आयुष्यात त्याने सोंगी जमिनीतून काढली होती. जमिनीत घातली कधी नव्हती.

दोन वर्षांपूर्वीच्या वसंतात मेबोंग डोंगराला वणवा लागला. चार दिवस डोंगर जळत होता. वाचली ती शाळेमागची एवढीच राई, आणि हिच्यात सोंगी कधी उगवतच नसे. वर पुन्हा पाइन वाढून त्यांच्या मुळांशी अळंबी धरायला तीस-चाळीस वर्षं लागतील, असं एक सरकारी माणूस सांगून गेला. सांगताना म्हाताऱ्यांच्या तोंडाकडे बघायचं त्याने टाळलं होतं.

"दादा, जरा विरळ लावा," गावप्रमुख मिन म्हणाला. "कोबीचा वाफा दिसतोय."

"मग ये, तूच लाव."

"चिडू नका हो. सोंगी महोत्सव यंदाही झाला नाही तर लोक गावाचा रस्ता विसरतील. मग खानावळी बंद, बस बंद. आणि फलकावर तुमचाच फोटो आहे. तुमच्याशिवाय कसं चालेल?"

फोटो बारा वर्षांपूर्वीचा होता. खाली लिहिलं होतं, 'मेबोंगचा सोंगीराजा'. तेव्हा तो होताच राजा. डोंगरावर त्याची एक जागा होती, आणि तिचा थांगपत्ता त्याने कुणाला लागू दिला नाही. कुणी मागावर आहे असं वाटलं की तो मुद्दाम उलट्या बाजूने चढायचा, ओढ्याकाठी बूट काढून तासन् तास पाय चोळत बसायचा. मागचा कंटाळून घरी गेला की हा उठायचा.

मुलालाही त्याने जागा दाखवली नव्हती. सांग-रोक अठ्ठावीस वर्षांचा असताना उल्सानच्या कारखान्यातून सुट्टीवर आला आणि जेवताना म्हणाला, "बाबा, नोकरी सोडतो. तुमच्याबरोबर डोंगरावर येतो. जागा दाखवा."

"माझे पाय चालतायत तोवर नाही," तोक-बे म्हणाला होता. "आधी चार वर्षं लाकडं वाहा."

दुसऱ्या दिवशी सकाळी सांग-रोक निघून गेला. त्यानंतर सणावाराला यायचा, पूर्वजांच्या ताटासमोर वाकायचा, जेवायचा आणि जायचा. यंदा मात्र तोक-बेने स्वतः फोन केला. "महोत्सवाला ये," एवढंच म्हणाला.

सांग-रोक अकराच्या सुमाराला आला. राईत अळंबी उपटायला पाहुण्यांची गर्दी उसळली होती. गुलाबी टोपीवाल्या एका बाईने अळंबी उपटली आणि ती ओरडली, "आजोबा, हिच्या बुडाला लाल माती आहे! इथली तर काळी आहे!"

मिनने झटकन माइक ओढला. "ताई, आमचा डोंगर वरून काळा, आतून लालच!" लोक हसले. बाईही हसली आणि तोक-बेच्या खांद्याला खांदा लावून तिने फोटो काढला. दोरीपलीकडे कागदी पेला हातात धरून सांग-रोक हे सगळं बघत होता. तो हसला नाही.

तोक-बेने हात झटकले आणि दोरी ओलांडली. "चल. जागा दाखवतो."

"आता?"

"आता."

वर मेबोंग उघडाबोडका पडला होता. जळके ओंडके यंत्रांनी ओढून खाली नेले होते आणि त्यांच्यासाठी कापलेले कच्चे रस्ते डोंगरावर आडवेतिडवे गेले होते. तोक-बेच्या खुणा तीन होत्या. एक दुबेळकं झाड, बसलेल्या वासराएवढा एक खडक आणि एक झरा. झाड गेलंच होतं. खडक यंत्राने कुठेतरी ढकलला होता. झऱ्यावर मातीचा ढीग होता. तो पुढे गेला, मागे आला, पुन्हा खाली उतरला. आपल्याच घरात वाट चुकावी तसं त्याला झालं.

"इथून वर... नाही, थांब. झाड याच्या खाली होतं."

तास गेला. सांग-रोकचे शहरी बूट जळक्या मातीने काळे झाले, पण तो मागून चालत राहिला. शेवटी तोक-बे एका उतारावर थांबला आणि त्याने बोट दाखवलं.

"हीच. इथून त्या टोकापर्यंत गोल पसरायची. एकदा एका सकाळी एकोणचाळीस मिळाल्या."

सांग-रोक उकिडवा बसला. त्याने मातीवर हात ठेवला. "बाबा, नक्की हीच का?"

तोक-बे इकडेतिकडे बघत राहिला. "इथेच कुठेतरी."

"सतरा वर्षांपूर्वी 'इथेच कुठेतरी' म्हणाला असतात, तरी मी शोधून काढली असती."

त्याच्या आवाजात राग नव्हता. खालून कर्ण्यावर गाण्याच्या स्पर्धेचा गोंगाट येत होता, कुणीतरी बेसूर गात होतं आणि लोक टाळ्या वाजवत होते. दोघे उतरले. निसरड्या उतारावर सांग-रोकने वडिलांचा दंड धरला आणि सपाटीवर आल्याबरोबर सोडला.

"सूप तरी पिऊन जा," गाडीजवळ तोक-बे म्हणाला.

"रात्रपाळी आहे."

सांग-रोकने दार उघडलं, मग तो तसाच उभा राहिला. "आईला माहीत होती जागा?"

"नाही."

"पायथ्याशी डबा घेऊन बसायची ती. एवढी वर्षं."

"हो."

"कधी विचारलं नाही तिने?"

"एकदा विचारलं होतं," तोक-बे म्हणाला. "दवाखान्यात. मी म्हटलं, बरी हो, मग नेतो."

सांग-रोकने मान हलवली आणि आत बसून दार ओढून घेतलं. परतणाऱ्या गाड्यांच्या रांगेत त्याची गाडी शिरली. तोक-बे रस्त्याच्या मधोमध उभा राहून बघत होता. शिट्टी गळ्यात अडकवलेल्या एका मुलीने त्याला हाताला धरून कडेला केलं. "आजोबा, बाजूला व्हा हो, मागे बस आलीये."